बाळसं: अंगावरच्या दुधाचं आणि डब्याच्या दुधाचं

"पोट्टं वाळून राह्यलं वं, डबा काहून नाही लावत?" नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात लेक चार महिन्यांची असताना हे रोज ऐकलं. थोरला डब्यावर वाढलेला, त्यामुळे तुलना घरातच. तुम्हीही अशा पेचात असाल तर लक्षात घ्या, काटा वजन सांगतो, ते वजन कशाचं हे सांगत नाही.

गंमत म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत चरबी सरासरीने जास्त असते ती अंगावर पिणाऱ्या बाळात. डब्यावरच्या बाळात तेव्हा चरबी कमी आणि स्नायू, हाडं, पाणी हा बाकीचा ऐवज जास्त. वर्षाच्या सुमारास चित्र उलटतं. डब्याचं बाळ चरबीतही पुढे जातं, वजनातही साधारण ६०० ग्रॅमने. लेक वाळली नव्हती. तिसऱ्या महिन्यानंतर अंगावरच्या बाळाचा वेग मंदावतोच. डॉक्टरांकडचा वाढीचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, २००६ चा आहे ना, एवढं विचारा. तो अंगावर पिणाऱ्या बाळांवरूनच बेतलाय.

फरकाचं एक मोठं कारण प्रथिनं. १०० मिली आईच्या दुधात ती जेमतेम १ ग्रॅम, डब्याच्या दुधात बहुधा १.३ ते १.५, गाईच्या दुधात तर ३ च्या वर. उष्मांक मात्र जवळपास सारखे. युरोपातल्या पाच देशांत झालेल्या चाचणीत जास्त प्रथिनांचा डबा मिळालेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी लठ्ठपणा अधिक आढळला. डबा घ्यायचाच तर आधी हा आकडा वाचा, डब्यावरचं बाकीचं कौतुक नंतर.

पण अंगावरचं दूध म्हणजे लठ्ठपणावरचा ताईतही नव्हे. बेलारूसमध्ये १७,००० बाळांच्या चाचणीत स्तनपानाला उत्तेजन देऊनही साडेअकराव्या वर्षी लठ्ठपणा कमी झालेला दिसला नाही.

नागपूरच्या मे महिन्यात मात्र अंगावरचं दूध सरळ जिंकतं. ४५ अंशांतही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी लागत नाही. डब्याला उकळलेलं पाणी, निर्जंतुक बाटली आणि चमचा सपाट भरण्याची शिस्त हवी. खर्च वेगळाच.

लघवी कमी होत असेल किंवा वजन तक्त्यावर खाली घसरत असेल, तर हट्ट न धरता डॉक्टर गाठा. थोरल्याच्या वेळी मला दूध पुरेसं आलंच नाही. डबा लावल्याचं वाईट वाटत नाही. बाटलीतले शेवटचे वीस मिली त्याने तोंड फिरवल्यावरही पाजायची, त्याचं वाटतं.