डेबियनमधलं लिनक्ससीएनसी पॅकेज: काही महिन्यांच्या वापरानंतर

लिनक्ससीएनसी (संगणकावरून सीएनसी मशिन चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर) बसवायचं म्हणजे पूर्वी एकतर प्रोजेक्टची तयार आयएसओ (इन्स्टॉल करायची डिस्क-इमेज) घ्या, नाहीतर सोर्स उतरवून बिल्ड करा. डेबियन या लिनक्स वितरणाच्या 12 व्या आवृत्तीपासून (2023) ते डेबियनच्या स्वतःच्या रेपॉझिटरीत आहे. पॅकेजचं नाव लिनक्ससीएनसी-यूस्पेस. तीन अक्षांच्या सीएनसी राउटरवर (कोरणाऱ्या मशिनवर) रोज वापरल्यानंतरचं मत असं: सॉफ्टवेअर बसवण्याची कटकट खरोखर संपली आहे, पण रिअलटाइमची (प्रत्येक काम ठरल्या क्षणी होण्याची) काळजी अजूनही आपल्यालाच घ्यावी लागते.

आधी चांगलं. पायथन 3, टीके, जीटीके ही सगळी डिपेंडन्सी अॅप्ट (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) स्वतः आणतं. सोर्समधून बिल्ड केल्यावर 'मेक सेटयूआयडी' विसरलं तर रिअलटाइम भाग चालवणाऱ्या आरटीएपीआय अॅपला रूटचे अधिकार मिळत नाहीत. पॅकेजमध्ये ते आधीच केलेलं असतं. नमुना कॉन्फिगरेशन निवडलं की त्याची प्रत होम फोल्डरमध्ये बनते, त्यामुळे अपडेटमध्ये आपली आयएनआय (मशिनची सेटिंग) आणि हॅल (सिग्नलची जोडणी) फाइल पुसली जात नाही. कष्ट वाचतात ते इथे.

आता कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याची रिअलटाइम (आरटी) आवृत्ती हवी. 'लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी64' बसवा आणि रीबूट केल्यावर 'युनेम -ए' मध्ये 'प्रीएम्प्ट_आरटी' दिसतंय का ते बघाच. साधा आणि आरटी असे दोन्ही कर्नल असले तर ग्रब (बूट लोडर) साधा उचलू शकतो. तरीही लिनक्ससीएनसी सुरू होतं, स्क्रीनवर अक्ष हलताना दिसतात, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. टर्मिनलमध्ये 'पॉझिक्स नॉन-रिअलटाइम' अशी ओळ दिसली तर तिथेच थांबा.

मग लेटन्सी टेस्ट, म्हणजे संगणक ठरल्या वेळेपासून किती चुकतो याची चाचणी. नुसती खिडकी उघडून आकडा बघण्यात अर्थ नाही. दोन-तीन जीएलएक्सगिअर्स (ग्राफिक्सवर ताण देणारा प्रोग्रॅम), मोठ्या फाइलची कॉपी आणि ब्राउझर एकदम चालू ठेवून तासभर चालवा. पॅरलल पोर्टवरून स्टेप पल्स (मोटरला एकेक पायरी फिरवणारे सिग्नल) काढायचे असतील तर बेस थ्रेडचा (पल्स काढणाऱ्या जलद चक्राचा) जिटर, म्हणजे वेळेतली चढउतार, महत्त्वाचा. बेस पीरियड 50 मायक्रोसेकंद आणि प्रत्येक पीरियडला एक पल्स धरला तर कमाल 20,000 स्टेप प्रति सेकंद. 200 स्टेपची मोटर, 8 मायक्रोस्टेप आणि 5 मिमी पिचचा स्क्रू म्हणजे 320 स्टेप प्रति मिमी; वेग 62.5 मिमी प्रति सेकंदाच्या वर जाणार नाही. जिटर जास्त म्हणून पीरियड वाढवला की हा वेग त्याच प्रमाणात घसरतो.

पॅरलल पोर्टवाल्यांसाठी आणखी एक अडचण: सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नल लॉकडाउनमध्ये जातो आणि आय/ओ पोर्टला हात लावू देत नाही. बायोसमध्ये ते बंद करा.

मेसा कंपनीचं इथरनेट कार्ड (पल्स स्वतः काढणारं) असेल तर बेस थ्रेड लागत नाही, 1 मिलिसेकंदाचा सर्वो थ्रेड (त्याहून संथ चक्र) पुरतो. कार्डाचा जंपर 10.10.10.10 वर ठेवा, पीसीच्या त्या पोर्टला 10.10.10.1 हा स्थिर पत्ता द्या, आणि त्या पोर्टवर दुसरं काही जोडू नका. नेटवर्क कार्ड इंटरप्ट साठवून ठेवत असेल तर रीड एरर येतात. ईथटूल या कमांडने आरएक्स-युसेक्स (इंटरप्ट किती वेळ साठवायचा ते) शून्य केलं की बहुतेक वेळा त्या थांबतात. 'अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले' हा संदेश एका सत्रात एकदाच येतो, तेव्हा तो पुन्हा आला नाही म्हणजे त्रास गेला असं समजू नका.

पॅकेजिंगबद्दल दोन तक्रारी. डेबियन 12 मधली आवृत्ती 2.9 ची प्री-रिलीज आहे. त्यानंतरच्या दुरुस्त्या हव्या असतील तर प्रोजेक्टची स्वतःची डेब (पॅकेज फाइल) घ्यावी लागते. दुसरं, हॅलकंपाइलने बनवलेले आपले कंपोनंट (हॅलमध्ये जोडायचे छोटे प्रोग्रॅम) आवृत्ती बदलली की पुन्हा कंपाइल करावे लागतात, आणि त्यासाठी लागणारं '-डेव्ह' पॅकेज वेगळं बसवावं लागतं. 2.8 मधून येणाऱ्यांनी पायथन 2 मध्ये लिहिलेले ग्लेडव्हीसीपी पॅनेलही (स्क्रीनवर आपण जोडलेली बटणं, आकडे) तपासून घ्यावेत.

चालत्या मशिनवर अॅप्ट अपग्रेड सरसकट चालवू नका. 'अॅप्ट-मार्क होल्ड'ने आरटी कर्नल आणि लिनक्ससीएनसी दोन्ही रोखून ठेवा. काम नसेल त्या दिवशी होल्ड काढा, कॉन्फिग फोल्डरची प्रत घ्या, अपग्रेड करा आणि कटर न लावता लेटन्सी टेस्ट पुन्हा चालवा.