पहिली ड्राय फ्लाय कोणती बांधावी: ग्रिफिथ्स नॅट की एल्क हेअर कॅडिस?

गळ पकडून ठेवणारा व्हाइस टेबलाला लावून झाला, दोरा-कात्री हाताशी आहे, आणि ट्राउट मासा पकडायला पहिली ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी कृत्रिम माशी, कोणती बांधायची यावर गाडी अडली आहे. ॲडम्सचं नाव सगळे घेतात. १९२२ पासूनची ती माशी आहेही तशीच गुणी, पण पिसांच्या टोकांचे तिचे उभे पंख नवशिक्याला रडवतात. तिला सध्या बाजूला ठेवा. खरी निवड या दोघींतच.

ग्रिफिथ्स नॅटला दोऱ्याशिवाय दोनच वस्तू लागतात: मोरपिसाचे तंतू आणि ग्रिझली हॅकल, म्हणजे कोंबड्याच्या मानेचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पीस. ज्या जॉर्ज ग्रिफिथ यांचं नाव तिला मिळालं, त्यांच्याच मिशिगनमधल्या ऑ सेबल नदीकाठच्या घरी १९५९ मध्ये ट्राउट अनलिमिटेड ही संस्था सुरू झाली. दोरा गळाच्या वाकापर्यंत न्यायचा, दोन्ही वस्तू तिथे बांधायच्या, तंतू पुढे गुंडाळत आणायचे आणि वरून हॅकलचे विरळ वेढे द्यायचे. झाली माशी. कच्चा दुवा एकच: तंतू नुसते गुंडाळले तर ट्राउटच्या दातांनी लगेच तुटतात. म्हणून ते आधी दोऱ्याला पीळ देऊन एकजीव करा आणि मग गुंडाळा. मोरपीस म्हटलं की भारतातून येताना चार पिसं आणावीत असं आपल्याला वाटतंच. आणू नका, गळून पडलेली पिसंही देशाबाहेर न्यायला बंदी आहे. इथे अमेरिकेत दुकानात पाकीट मिळतं.

एल्क हेअर कॅडिस ही कॅडिस नावाच्या नदीकाठच्या किड्याची नक्कल; ती अल ट्रॉथ यांनी १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियात बांधली. तिचं अंग लोकरीसारख्या डबिंगचं, त्यावर तपकिरी हॅकल, ते जागेवर धरायला उलट्या दिशेने बारीक तारेचे वेढे, आणि पाठीवर एल्क हरणाच्या केसांचा तिरपा पंख. सगळी परीक्षा या पंखापाशी. आगकाडीपेक्षा थोडा जाड झुबका कापा, मुळाशी असलेली मऊ लव विंचरून काढा, नाहीतर केस एका रेषेत बसत नाहीत. स्टॅकरमध्ये, म्हणजे केसांची टोकं एका रेषेत आणणाऱ्या नळीत, आपटून टोकं जुळवा. मग गळाच्या दांडीवर धरून दोन सैल वेढे द्या, आणि तिसरा आवळताच केस बोटांखाली फुलून उभे राहतात. डाव्या हाताची चिमूट इथे जरा ढिली पडली तर सगळा पंख दांडीभोवती फिरतो. पहिल्या चार-पाच माश्यांत हे होणारच. सुरी घेऊन केस कापून टाका आणि गळ पुन्हा वापरा. दोरा मात्र १४० डेनियरचा घ्या (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप), ७० चा नवख्या हातात आवळताना तुटतो.

म्हणजे बांधायला नॅट सोपी, यात वाद नाही. पण माशी पाण्यावर टाकायची असते, आणि तिथे पारडं फिरतं. नॅट म्हणजे मिज नावाच्या चिलटांच्या पुंजक्याची नक्कल. ती १८ ते २२ नंबरच्या गळावर चालते, आणि नंबर जितका मोठा तितका गळ लहान. तीस फुटांवर ती काळी ठिपकी दिसेनाशी होते, मासा कधी लागला ते कळत नाही. कॅडिसचा फिकट पंख फेसाळ पाण्यातही दिसतो, आणि पोकळ केसांमुळे ती बुडता बुडत नाही. शिवाय वाहत्या पाण्यात ट्राउटला निरखायला वेळच नसतो, त्यामुळे वाकडा पंखही खपून जातो.

म्हणून माझं मत कॅडिसकडे, १४ नंबरच्या गळावर. कोलोरॅडोत तुमची फेरी एप्रिल-मे मध्ये आर्कान्सा नदीवर असेल, तर दुसरा विचारच नको; त्या दिवसांत तिथे कॅडिसचे थवे निघतात. हिवाळ्यात डेकर्सजवळच्या साउथ प्लॅट नदीवर जाणार असाल तर मात्र नॅटच बांधा. त्या संथ, नितळ पाण्यात मिज सोडून वर फारसं काही नसतं आणि तिथले ट्राउट चोखंदळ आहेत. बोटांना सवय व्हायला पहिल्या दोन नॅट १४ वर बांधा, मग १८ वर उतरा.

दोन्हींत चूक एकच होते: साहित्य गळाच्या नेढ्यापर्यंत भरून टाकायचं. शेवटची गाठ बसायला जागा उरत नाही आणि नदीवर नेढ्यातून टिपेट, म्हणजे दोरीच्या टोकाचा बारीक धागा, ओवता येत नाही. दांडीवर पहिला वेढा देतानाच नेढ्यामागे एका नेढ्याइतकी जागा मोकळी सोडा.