पाचही सीटना बेल्टचा अलार्म असलेली गाडी: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात घेतलेल्या गाडीचे मायलेज, एसी आणि डिकी यांबद्दल मी इथे लिहिणार नाही, कारण त्या बाबतींत ती या किमतीतल्या इतर गाड्यांसारखीच आहे. घरात ज्या एका गोष्टीवरून वाद झाले, पाहुण्यांनी नाके मुरडली आणि दोन वेगवेगळ्या माणसांनी ‘हे बंद करून टाका’ असा आपण होऊन सल्ला दिला, ती गोष्ट म्हणजे सीट बेल्टचा अलार्म. पुढच्या दोन सीटसाठी हा अलार्म 1 जुलै 2019 पासून आणि मागच्या सीटसाठी 1 एप्रिल 2025 पासून तयार होणाऱ्या मोटारींना बंधनकारक झाला आहे. त्यामुळे नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला या आवाजाशी संसार करायचा आहे. आमचा वापर मुख्यतः पुणे शहरातला, रोजची चाकणची ये-जा आणि महिन्यातून एखादी सातारा-कोल्हापूरची फेरी असा आहे. गाडीत मी, पत्नी, पाच वर्षांचा मुलगा आणि बऱ्याचदा आई-वडील असतात, आणि लांबच्या प्रवासाला अधूनमधून बदली ड्रायव्हर बोलावतो.

आधी यंत्रणा कशी वागते ते सांगतो. गाडी सुरू केली की मीटरवर पाच आसनांचे छोटे चित्र उमटते. ज्या जागी माणूस बसला आहे पण पट्टा लावलेला नाही ती जागा लाल दिसते, लावल्यावर हिरवी होते आणि रिकामी जागा राखाडी राहते. गाडी उभी असेपर्यंत आवाज होत नाही. वेग वाढला की सावकाश टुंग-टुंग सुरू होते, थोड्या वेळाने तिची लय दुप्पट होते आणि साधारण दीड-दोन मिनिटांनी आवाज आपोआप थांबतो. लाल खूण मात्र तशीच राहते. मागच्या प्रवाशाने चालत्या गाडीत बकल सोडले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे पट्टा लावायचाच नाही असे ठरवून बसलेल्या माणसालाही ही यंत्रणा दोन मिनिटांपेक्षा जास्त छळत नाही. ती खरे तर विसरणाऱ्यासाठी आहे, आणि आमच्या घरात ती ज्या-ज्या वेळी बरोबर वाजली त्या बहुतेक वेळा कोणी हट्टाने नव्हे, तर फोनवर बोलता-बोलता किंवा मुलाची पाण्याची बाटली शोधताना पट्टा विसरले होते.

आता तक्रारी, कारण त्या खऱ्या आहेत. शेजारच्या सीटवर लॅपटॉपची बॅग ठेवली की गाडीला तो माणूस वाटतो. मंडईतून आणलेली भाजीची पिशवी मागे ठेवली तर तीच गत, आणि त्यातही गंमत अशी की पालेभाजी चालते, पण कलिंगड असले की अलार्म वाजतो. सगळ्यात त्रासदायक प्रकार मुलाच्या चाइल्ड सीटचा. आमची चाइल्ड सीट आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट अडकवण्यासाठीच गाडीच्या सीटमध्ये बसवलेल्या, लोखंडी कड्यांना थेट अडकते आणि मुलाला बांधणारे पट्टे तिचे स्वतःचे आहेत, त्यामुळे गाडीचा पट्टा तिथे लागतच नाही. पण खालच्या सेन्सरला वजन कळते आणि मुलगा व्यवस्थित बांधलेला असताना गाडी ओरडत राहते. यावर उपाय म्हणजे गाडीचा पट्टा चाइल्ड सीटच्या मागून घेऊन बकलमध्ये अडकवून ठेवणे. पट्ट्यात कोणी नसताना तो लावून ठेवण्याचे हे एकच समर्थनीय कारण मला आजवर सापडले आहे. बॅगेसाठी उपाय त्याहून सोपा: बॅग सीटखालच्या जागेत किंवा डिकीत ठेवावी. ती सीटवर मोकळी असेल तर जोराचा ब्रेक लागल्यावर ती समोर आदळतेच, तेव्हा अलार्मचे हे बोलणेही अगदीच गैरलागू नाही.

सीट कव्हर बसवायला गाडी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात नेली तेव्हा दुकानदाराने कव्हरबरोबर चार क्लिपा ‘आपल्याकडून फ्री’ म्हणून पुढे केल्या. वस्तू पाहण्यासारखी होती. पट्ट्याच्या टोकाला जी धातूची चपटी जीभ असते तशीच जीभ, तिला चकचकीत मुलामा आणि वर माझ्याच गाडीच्या कंपनीचे चिन्ह. पट्टा तेवढा नाही. ही जीभ बकलमध्ये सरकवली की खट्‌ असा नेहमीचा आवाज येतो, आतला छोटा स्विच दाबला जातो आणि मीटरवरची लाल खूण हिरवी होते. मी त्या परत केल्या आणि त्याच मुक्कामात आणखी एक गोष्ट बदलून घेतली: त्याच्या कारागिराने मागच्या बाजूची तिन्ही बकले कव्हरच्या खाली दाबून टाकली होती. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत मागे बसणारा पट्टा लावत नाही, कारण बकल कुठे आहे हे बोटे घालून शोधावे लागते. कव्हर घेणाऱ्याने बकलांसाठी नीट कापलेली भोके आणि सीटच्या कडेला साइड एअरबॅग असेल तर तिथली, ती फुगताना उसवू शकणारी शिवण, या दोन गोष्टी पैसे देण्याआधी पाहून घ्याव्यात.

अशा क्लिपांच्या विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि त्यानंतर 13,118 जाहिराती संकेतस्थळांवरून उतरवल्या गेल्या. काही विक्रेते ही वस्तू बाटलीचे झाकण उघडण्याचे साधन किंवा सिगारेट लायटर म्हणून विकत होते, असेही त्या वेळी उघड झाले. वस्तू उजळ माथ्याने विकता येत नाही हे विकणाऱ्यांनाही ठाऊक होते, एवढा बोध त्यातून होतो; दुकानांच्या काउंटरखाली मात्र ती अजून मिळते.

क्लिप लावल्याने नेमके काय होते, हे तिच्या समर्थकांपैकी फार थोड्यांना माहीत असते. बहुतेकांची समजूत अशी की आवाज गेला, बाकी गाडी आहे तशीच राहिली, शिवाय सहा एअरबॅगा आहेतच. पण एअरबॅग ही पट्ट्याला पूरक म्हणून योजलेली असते, पट्ट्याऐवजी नव्हे. धडकेनंतर ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते, आणि त्या वेळी माणूस पट्ट्यामुळे आपल्या जागी धरून ठेवलेला असेल या हिशेबाने तिची जागा आणि वेळ ठरवलेली असते. पट्टा नसलेला माणूस ब्रेक लागताच पुढे सरकलेला असतो आणि फुगत येणाऱ्या पिशवीला तो अगदी जवळून भेटतो. अनेक गाड्यांत बकलमधल्या स्विचची माहिती एअरबॅगच्या नियंत्रकाकडेही जाते. तिथे क्लिप खोचलेली असेल तर ‘इथला माणूस बांधलेला आहे’ अशी खोटी खबर त्याला मिळते. धडकेच्या क्षणी पट्टा आवळून घेणारी जी यंत्रणा असते, ती अशा वेळी मोकळा लोंबणारा पट्टा आवळते. सीटखालचा कनेक्टर काढून टाकण्याचा दुसरा सल्ला मला एका ओळखीच्या मेकॅनिकने दिला होता. पिवळ्या वेष्टणातले वायरिंग हे एअरबॅगच्या यंत्रणेचे असते, तिथे हात घालून एका आवाजासाठी सगळीच यंत्रणा बिघडवण्याचा धोका का पत्करावा, हे मला कळलेले नाही.

‘माझा जीव, माझी मर्जी’ हा युक्तिवाद मी गेल्या काही महिन्यांत नातेवाइकांकडून बराच ऐकला आणि तो सरसकट उडवून लावण्यासारखा नाही. प्रौढ माणसाने स्वतःपुरता धोका पत्करला तर यंत्राने त्याच्या कानाशी कुरकुर का करावी, हा प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की मोटारीत ‘स्वतःपुरते’ असे काही उरत नाही. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी जागच्या जागी थांबली तर आत मोकळ्या बसलेल्या माणसाची गत सव्वासहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली पडल्यासारखी होते. आणि मागच्या सीटवरून निघालेला सत्तर किलोचा माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर, म्हणजे पट्टा लावून बसलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर, त्याच वेगाने आदळतो. शिवाय बकलमध्ये खोचलेली क्लिप ज्याने ती लावली त्याच्यापुरती राहत नाही. उद्या त्या जागी त्याची मुलगी बसते, परवा मित्र बसतो, चार वर्षांनी गाडी विकली की अनोळखी कुटुंब बसते, आणि त्यांच्यापैकी कोणालाही आपण पट्टा विसरलो आहोत हे सांगणारे काही उरलेले नसते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात सीट बेल्ट न लावलेल्या 16,715 जणांच्या मृत्यूची नोंद आहे. त्यांत 8,384 चालक आणि 8,331 प्रवासी होते. चालक आणि प्रवासी यांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत याकडे मी घरच्यांचे लक्ष मुद्दाम वेधले, कारण ‘मागे काय होणार आहे’ हे वाक्य आमच्याकडे फार बोलले जाते. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी महागडी होती, पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर काही काळ सगळे मागे बसूनही पट्टा लावू लागले होते. मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022 पासून मागच्यांसाठीही तो सक्तीचा केला. वास्तविक मागे बसणाऱ्याने पट्टा लावावा हा नियम आधीपासूनच आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर तो मोडल्यास 1000 रुपये दंडही आहे. चौदा वर्षांखालील मूल बांधलेले नसेल तरी तेवढाच दंड होतो. पुणे शहरात मागच्या पट्ट्यासाठी मला कोणी अडवल्याचे मात्र आठवत नाही.

आई-वडिलांच्या तक्रारींचे स्वरूप वेगळे होते. वडिलांना पट्टा पोटाला काचत होता. तो पोटावरून नव्हे तर पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून घ्यायचा असतो, हे एकदा नीट बसवून दाखवल्यावर त्यांची तक्रार संपली. उलट खंबाटकी घाटाच्या वळणांवर अंग हलत नाही म्हणून बरे वाटते, असे तेच आता सांगतात. आईचा प्रश्न साडीचा होता. खांद्यावरचा पट्टा पदर विस्कटतो आणि पिनेवर येऊन टोचतो. पुढच्या सीटला पट्ट्याची उंची कमी-जास्त करण्याची सोय असल्याने तिथे हे जमवता आले. मागे ती सोय नाही, म्हणून ती प्रवासात पिन आतल्या बाजूला लावते. नातवाला मांडीवर घ्यायचे नाही, ही गोष्ट तिच्या गळी उतरायला सर्वांत जास्त वेळ लागला आणि तो वाद अजून अधूनमधून डोके वर काढतो.

या काळात अलार्मचा जो उपयोग मी मुळीच गृहीत धरला नव्हता, तो बदली ड्रायव्हरमुळे लक्षात आला. आपल्याकडे ड्रायव्हर मागे बसलेल्या मालकाला ‘साहेब, पट्टा लावा’ असे म्हणू शकत नाही. म्हटले तर एकदाच म्हणेल. गाडीतल्या सगळ्यांची जबाबदारी कायद्याने आणि व्यवहाराने स्टिअरिंगवर बसलेल्या माणसावर, आणि अधिकार मात्र मागे बसलेल्याकडे, अशी ही उलटी घडी आहे. नितीन गडकरी यांनी मिस्त्री यांच्या अपघातानंतर जाहीरपणे सांगितले होते की ते चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांतून गेले तेव्हा पुढच्या सीटला आवाज बंद करणारी क्लिप लावलेली आढळली. त्या गाड्यांच्या चालकांनी कोणाला काय म्हणावे अशी अपेक्षा होती? आमचे ड्रायव्हर काका आता नुसते मीटरकडे बोट दाखवतात आणि ‘गाडी ओरडतेय हो’ म्हणतात. सासऱ्यांसारखा मानी माणूसही त्यावर निमूट पट्टा ओढतो, कारण आज्ञा माणसाने केलेली नसते.

यंत्राची सक्ती किती असावी हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत 1974 सालच्या नव्या मोटारी पुढच्या प्रवाशांनी पट्टे लावल्याशिवाय सुरूच होत नसत. लोक इतके चिडले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या काँग्रेसने कायदा करून ती सक्ती काढली, आणि बझरची सक्तीही आठ सेकंदांपुरतीच ठेवली. चिडण्याचे एक मोठे कारण म्हणजे शेजारच्या सीटवर ठेवलेल्या किराणा सामानालाही गाडी माणूस समजत असे. पन्नास वर्षांनंतर माझ्या गाडीला कलिंगडाबद्दल तेच वाटते. क्लिपांचे गिऱ्हाईक तयार होते ते बरेचसे अशाच खोट्या इशाऱ्यांतून, आणि गाडी बनवणाऱ्यांनी याकडे गांभीर्याने पाहायला हवे. दार उघडे असल्याचा आणि पट्ट्याचा आवाज माझ्या गाडीत जवळपास सारखा आहे, तो वेगळा करता आला असता. आयसोफिक्स सीट ओळखण्याची सोय देता आली असती. मागची लाल खूण मीटरच्या कोपऱ्यात इतकी बारीक आहे की वडिलांना चष्म्यातूनही ती दिसत नाही, आणि मागे बसलेल्याला तर ती दिसण्याचा प्रश्नच नाही. ती मागच्या एसीच्या झरोक्याजवळ दिली असती तर निम्मे वाद वाचले असते.

नवी गाडी पाहायला जाणाऱ्यांनी टेस्ट ड्राइव्हला घरच्या दोघांना मागे बसवावे, एकाला मुद्दाम पट्टा न लावता शोरूमच्या आवारातच संथ फेरी मारावी, शेजारच्या सीटवर नेहमीची बॅग ठेवून पाहावी आणि मुलासाठी चाइल्ड सीट असेल तर ती बरोबर न्यावी. या गोष्टी सेल्समन स्वतःहून दाखवत नाही. जुनी गाडी घेत असाल तर पाचही बकलांत बोट घालून आत आधीच काही खोचलेले नाही ना, हे टायर पाहण्याआधी पाहा.