'ड्रेड' आणि वेंगुर्ल्याचा पाऊस: एका बैठकीच्या भयखेळाचे परीक्षण

एकाच बैठकीत सुरू होऊन संपणारे साहस, म्हणजे भूमिका-खेळ (ज्यात प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेऊन सगळे मिळून कथा घडवतात) खेळणारे ज्याला वन-शॉट म्हणतात ते, रचताना कथा सुचण्यापेक्षा वेळ सांभाळणे कितीतरी अवघड असते. रात्री नऊला बसलेली मंडळी एक वाजता उठणार असतील, तर कळसाचा प्रसंग बाराच्या सुमारास यायला हवा, आणि फाशांवर चालणाऱ्या खेळात तो तेव्हाच येईल याची हमी कथा चालवणाऱ्या सूत्रधाराला नसते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ड्रेड' या भूमिका-खेळात एपिडाया रावाचोल आणि नॅथनियल बारमोर यांनी फासेच काढून टाकले आणि त्यांच्या जागी जेंगाचा, म्हणजे एकेक ठोकळा काढून वर ठेवण्याच्या खेळातला, ५४ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा ठेवला.

नियम थोडे आहेत. पात्राला काही अवघड करायचे असेल, तर खेळाडूने मनोऱ्यातून एक ठोकळा काढून वर ठेवायचा. ठोकळा नीट निघाला तर काम साधते, काढायला नकार दिला तर काम फसते पण पात्र वाचते, आणि मनोरा पडला, मग तो नुसता कोपर लागून का पडेना, तर ते पात्र कथेतून बाद होते. खेळाडूने मनोरा जाणूनबुजून पाडला, तर मात्र पात्र जाताना आपले काम फत्ते करून जाते. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण जिथे पात्र पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचे नसते, तिथेच असे आत्मार्पण मनापासून केले जाते.

तरीही या खेळाचा खरा प्राण मनोऱ्यात नसून प्रश्नावलीत आहे. पात्राचे बळ किंवा चपळाई आकड्यांत मांडण्याऐवजी सूत्रधार प्रत्येक खेळाडूसाठी वेगळे प्रश्न लिहितो, आणि अर्धी कथा त्या प्रश्नांतच गृहीत धरलेली असते. आमच्या साहसात १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात चोरून निघालेला एक ट्रॉलर वादळामुळे वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातील खडकाळ बेटांच्या आडोशाला अडकतो. त्यातील तरुण खलाशासाठीचे प्रश्न असे होते: 'बंदी असताना समुद्रात येण्याचे तुम्ही कोणासाठी कबूल केलेत? तांडेलावर, म्हणजे नौकेच्या प्रमुखावर, तुमचा विश्वास का उरलेला नाही? पाकोळ्यांच्या गुहेत तुम्ही यापूर्वी काय लपवले होते?' मदत का मागता येत नाही, हे मोबाइलच्या काळातील प्रत्येक भयकथेला समजावून द्यावे लागते. इथे बंदी मोडल्याच्या भीतीने ते काम परस्पर केले. संहितेवाचून, ठरलेल्या आख्यानावर उभ्या उभ्या संवाद रचणारे दशावतारी नट पाहत वाढलेल्या मंडळींना उत्तरांतून पात्र उभे करणे मुळीच जड गेले नाही.

कोकणापुरती एक अडचण मात्र कोणत्याही नियमपुस्तकात सापडणार नाही. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, ठोकळे फुगून एकमेकांना चिकटतात, आणि मनोरा पडायला हवा तेव्हा पडत नाही, त्यामुळे भीतीच ओसरते. ठोकळे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि बैठकीपूर्वी कोरड्या फडक्याने पुसावेत. मनोरा जमिनीवर ठेवलेल्या, न डुगडुगणाऱ्या चौरंगावर रचावा आणि उकाडा कितीही असला तरी पंखा बंद ठेवावा. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांकडून संच करवून घ्यायचा विचार असेल, तर ठोकळे बिनरंगी मागावेत आणि जाडीत किंचित फरक राहू द्यावा, कारण काही ठोकळे सैल आणि काही घट्ट बसले तरच निवडीत गंमत राहते.

खेळात उणिवाही आहेत. नव्याने रचलेला मनोरा इतका भक्कम असतो की पहिला तास कोणीच घाबरत नाही; म्हणून वादळात दोर बांधणे, इंजिन सुरू करणे अशी लहान कामे सुरुवातीलाच घालून ठोकळे काढायला लावणे भाग पडते. खेळाडू तीनच असतील तर काही ठोकळे आधीच काढून ठेवावेत, नाहीतर पहाट उजाडली तरी शेवट येणार नाही. बाद झालेला खेळाडू रिकामा बसून राहतो, ही त्याहून मोठी त्रुटी आहे. आम्ही त्याच्याकडे वाऱ्याचे, वायरलेसवरच्या आवाजाचे किंवा तांडेलाच्या भ्रमाचे बोलणे सोपवले आणि ते चांगले जमले. ज्यांचा हात कापतो त्यांच्यावर मात्र हा खेळ सरळ अन्याय करतो. त्यांनी सांगितलेला ठोकळा शेजाऱ्याने काढावा, अशी मुभा पहिल्यापासून द्यावी.

पुस्तक इंग्रजीत आहे, पण ते एकट्या सूत्रधाराने वाचले तरी पुरते. बाकीच्यांना नियम बोलून सांगायला फारसा वेळ लागत नाही. महिनोन्‌महिने चालणारी, पात्र हळूहळू घडवत नेणारी मोहीम ज्यांना हवी आहे, त्यांनी हे विकत घेऊ नये. चार-पाच जण, एक मोकळी रात्र आणि प्रश्नावली लिहायला सूत्रधाराकडे आधीची एक निवांत संध्याकाळ असेल, तर एका बैठकीच्या साहसासाठी मी आज तरी याच खेळाची शिफारस करीन.