दुकशिरीसाठी माडाची फेणी की काजूची?

घरी दुकशिरीची, म्हणजे आपल्या अनंतमुळाची, मुळं फेणीत (गोव्याच्या गावठी दारूत) मुरवून बाटली भरायची म्हणून फेणी आणायला निघालाय आणि माडाची घ्यायची की काजूची यावर अडलाय, तर सरळ सांगते, माडाची घ्या.

काजूच्या फेणीला नावं ठेवत नाहीये हं, २००९ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला तो तिलाच. पण ती बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या रसाची, बूच काढलं की खोलीभर वास, त्यात मुळं टाका, जिरं टाका, आलं टाका, वरचढ काजूच राहणार. लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून प्यायला मात्र तिला तोड नाही.

माडाची फेणी सुरेची, म्हणजे नारळाच्या झाडाच्या रसाची. रेंदेर, म्हणजे हा रस काढणारा, रोज माडावर चढतो, पोयीचा (माडाच्या फुलोऱ्याचा) शेंडा कातीने पातळसा तासतो आणि रस थेंबथेंब मडक्यात जमत राहतो, पहाटे तो गोडच असतो आणि ऊन चढलं की आपोआप आंबायला लागतो, यीस्ट वगैरे काही घालावं लागत नाही. हीच सूर सान्नांच्या (गोव्याच्या इडल्यांच्या) पिठात, हिचंच व्हिनेगर, आणि ताज्या रसाचा गूळ दोदोल या गोड पदार्थात. म्हणून मला ही नुसती दारू वाटतच नाही. गोव्यात गावच्या राखणदाराला, देवचाराला रोट (जाड भाकरी) आणि विडीबरोबर सोरो, म्हणजे दारू ठेवतात, इकडे पालघर-डहाणूकडे वारली चित्रांत ताडावर चढलेला माणूस आणि वर लटकलेली मडकी दिसतात, झाडाच्या रसाचा मान असा सगळीकडे आहे.

चवीला माडाची सौम्य, त्यामुळे दुकशिरीचा व्हॅनिलासारखा वास तिच्यात नीट उतरतो. मुळं स्वच्छ धुवायची, पूर्ण वाळवायची, हलकी ठेचायची आणि काचेच्याच बाटलीत घालायची, हळूहळू रंग तांबूस होत जातो. अधूनमधून चाखत राहा, मनासारखं उतरलं की गाळून घ्या.

अडचण एकच, ती मिळणं. रेंदेर कमी होत चाललेत, चांगली माडाची हवी तर दक्षिण गोव्यात विचारत फिरावं लागतं, काजूची तिथे कुठल्याही दारूच्या दुकानात मिळते. मग नाहीच मिळाली तर काजूची आणून तशीच प्या, मुळं वाया घालवू नका. घरी भट्टी लावायचा विचार तर करूच नका, बेकायदा आहे आणि जिवावर बेतू शकतं, लायसन्सवालीच विकत घ्या.

आणि स्वस्त पडते म्हणून उर्राक घेऊ नका. ती काजूच्याच रसाची, पण एकदाच गाळलेली, जेमतेम १५ टक्क्यांची, सीझनमध्येच ताजी प्यायची, टिकत नाही. फेणी ४२ टक्क्यांच्या आसपास असते, मुळांचा अर्क तीच नीट ओढते.