रडण्याची दोन लॅटिन क्रियापदे: ‘फ्लेओ’ आणि ‘प्लोरो’

रूपांच्या दृष्टीने मला ‘फ्लेओ’ अधिक रंजक वाटते. ते दुसऱ्या गणातले असले, तरी त्याच गणातील ‘मोनेओ’चा भूतकाळ ‘मोनुई’ होतो तसा याचा होत नाही, तर ‘डेलेओ’च्या ‘डेलेवी’प्रमाणे ‘फ्लेवी’ होतो; शिवाय काव्यात ‘फ्लेविस्ती’ (तू रडलास) आखडून नुसते ‘फ्लेस्ती’ उरते, आणि छंदात ते सहज बसते. मेंढ्यांच्या ओरडण्यासाठी जुन्या स्लाव्ह भाषेत असलेला धातू याच मुळाचा मानला जातो.

‘प्लोरो’ म्हणजे मोठ्याने आक्रोश करणे. पहिल्या गणातली त्याची रूपे, ‘प्लोरारे, प्लोरावी, प्लोरातुम’, अगदी सरळ आहेत. व्युत्पत्ती मात्र अनिश्चित आहे. तरीही लोकांच्या बोलण्यात तेच टिकले: स्पॅनिश ‘योरार’ आणि पोर्तुगीज ‘शोरार’ त्यातूनच आले.