उद्यमनगरातलं ऑइलचं दुकान: आधी गाडी विचारणार, मग डबा देणार

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइलची दुकानं ढिगानं, पण या मामांचा पहिला प्रश्न असतो, 'कुठली गाडी?' कंपनीचं नंतर. माझी स्प्लेंडर, तिला १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या घट्टपणाचा नंबर). परवा एक पोरगं आपल्या स्प्लेंडरला २०डब्ल्यू-५० पाहिजे म्हणून अडून बसलं होतं. घट्ट ऑइल भारी असतंय म्हणे! मामा सरळ म्हणाले, 'गार इंजिनात ते वर चढायला वेळ लावतंय, अ‍ॅव्हरेज पण पडतंय. गाडीचं पुस्तक बघ जा.' गिऱ्हाईक परत लावणारा दुकानदार आपल्याला आवडला.

डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलंय का, तेही बोट ठेवून दाखवतात. बाइकचा क्लच इंजिनच्याच ऑइलात बुडालेला असतो. कारचं निसरडं ऑइल घातलं तर प्लेटा घसरायची भीती. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरला.

ऑइल तिथंच बदलून मिळतं. इंजिन जरा गरम करून जुनं काळं पूर्ण गळू देतात, ड्रेन बोल्टला नवा वॉशर घालतात. रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरनं भोक पाडूनच टाकतात, नाहीतर त्यात डुप्लिकेट भरून विकणारे काय कमी हायत? चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल, तेही जास्तीचं फडक्यानं पुसून. ऊस वाहतुकीच्या दिवसांत ओल्या चेनवर माती बसायला वेळ लागत नाही.

गाडी लावायला जागा नाही, शॉकअपचं ऑइल बऱ्याचदा संपलेलं असतं. छापील किमतीत थोडं कमी करतात, पण मागावं लागतं.